आगगाडीतली ती बाई

रविवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी १९५४ सालचा मूळ जपानी ‘गोजिरा’ (म्हणजेच ‘गॉडझिला’, समुद्रातून येणाऱ्या महाकाय प्राण्याचा चित्रपट) पहिल्यांदाच सलग पाहिला. कॉलेजात असताना १९५६ ची अमेरिकी आवृत्ती मित्रांच्या घोळक्यात पाहिली होती आणि रबरी पोशाख चढवून खेळण्यातले टोकियो तुडवणाऱ्या नटाची आम्ही यथेच्छ टिंगल केली होती. तो हारुओ नाकाजिमा सुमारे शंभर किलो वजनाच्या पोशाखात चित्रीकरणाच्या दिव्यांच्या उष्णतेत चालत होता, हे तेव्हा ठाऊक असते तरी आम्ही हसलोच असतो म्हणा.

आज मात्र पहिल्याच प्रसंगाने हसू मावळले. बोटीच्या डेकवर खलाशी निवांत बसले आहेत, कुणी गिटार वाजवतो आहे, आणि एकाएकी समुद्रातून डोळे दिपवणारा प्रकाश उसळतो. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांच्या अंगावर पडली होती. त्यांच्यापैकी रेडिओ सांभाळणारे कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले आणि ३ नोव्हेंबरला हा चित्रपट झळकला. ती बोट कोणती, हे तिथल्या प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागले नसणार.

पण मी दोनदा मागे नेऊन पाहिला तो आगगाडीतला छोटासा प्रसंग. एक तरुणी सोबत्यांशी बोलताना किरणोत्सारी मासे आणि पाऊस यांच्या जोडीला आता हा गोजिरा आला, असे वैतागून म्हणते आणि नागासाकीतून जीव वाचवून आल्याचेही सांगून टाकते. भाव वाढल्याची तक्रार करावी, तसा तिचा सूर आहे. अमेरिकी आवृत्तीत नागासाकीचा हा उल्लेख गाळला होता. आम्ही हसत होतो त्याचे थोडे खापर त्या कात्रीवरही फोडायला हवे.

त्याच वर्षीच्या अमेरिकी ‘देम!’मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या अणुचाचणीमुळे मुंग्या महाकाय होतात आणि शेवटी लॉस एंजेलिसच्या भुयारी गटारांत सैनिक त्यांना जाळून टाकतात. चित्रपट उत्तम बांधलेला आहे, पण त्यात शस्त्रानेच प्रश्न सुटतो. दिग्दर्शक इशिरो होंडांच्या ‘गोजिरा’त मात्र त्या प्राण्याला मारणारे शस्त्र बॉम्बइतकेच भयंकर आहे. म्हणून ते शोधणारा शास्त्रज्ञ सेरिझावा आपली टिपणे जाळतो आणि गोजिरासोबत समुद्राच्या तळाशी स्वतःही मरतो.

झोपायला आलो तरी दवाखान्यातला प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही. जखमींच्या गर्दीत एक शास्त्रज्ञ एका लहान मुलाजवळ किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर धरतो, समोरच्या तरुणीकडे पाहतो आणि काही न बोलता मान हलवतो.