अलंग-मदन-कुलंग मॉडेल : मदनचा कडा एकदाचा उभा राहिला

मंडळी, तीन आठवडे अडलेलं काम काल रात्री सुटलं! सह्याद्रीतल्या अलंग, मदन, कुलंग या शेजारी-शेजारी किल्ल्यांचं पुठ्ठ्यांच्या थरांचं मॉडेल करतोय. कुलंग आणि अलंग झाले, पण मदन काही केल्या मदन दिसत नाही, हे मागच्या वेळी लिहिलंच होतं. प्रमाण १:१०,०००, म्हणजे दर २० मीटर उंचीच्या समोच्चरेषेला (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) २ मिमीचा एक पुठ्ठा. हिशेब सरळ, तरी मदन गव्हाच्या राशीसारखा घसरता.

आधी कापणीवर संशय घेतला, तीनदा नव्याने कापला. दोष डेटात निघाला. उपग्रहाच्या उंचीच्या डेटातला एक चौकोन जमिनीवर ३० मीटरचा. उभा कडा त्या चौकोनांत विरघळतो आणि उतार होऊन बाहेर येतो. टोपोशीटवर (समोच्चरेषा दाखवणाऱ्या छापील नकाशावर) पाहावं तर कड्यापाशी रेषा एकमेकींना चिकटलेल्या, भिंगानेही सुटेनात.

मग जानेवारीत आंबेवाडीच्या बाजूने काढलेला फोटो उघडला. सकाळचं तिरपं ऊन, मदनच्या काळ्या कातळावर वाळक्या गवताचे आडवे पट्टे. एका पट्ट्यावर पट्टी ठेवून रेघ ओढली, ती थेट अलंगच्या पदराला, म्हणजे दोन कड्यांमधल्या गवताळ पायरीला, जाऊन टेकली. मी खुर्चीतून उठलोच.

हे किल्ले मुळात एकाच रांगेचे तुकडे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर जवळजवळ आडवे पडले, मधला भाग पुढे पावसापाण्याने झिजून खिंडी झाल्या. थराचं पोट घट्ट, ते कडा म्हणून उभं राहतं. वरची साय वायूच्या भोकांची, त्यात झिओलाइट हे पांढरं खनिज. ती कुजते, माती धरते, गवत येतं. तोच आपला पदर. कुठे कुठे दोन थरांमध्ये विटेसारखी तांबडी मातीही दिसते.

म्हणून आता पदर ते पदर असा एकेक गठ्ठा करतोय. गठ्ठ्यातले पुठ्ठे कडेला कड लावून, पायरी फक्त पदरावर. काल मदनवर बाजूने टॉर्च मारला आणि कड्याची सावली सरळ खाली पडली. किती वेळ बघत बसलो!

एक सांभाळा : इथला बराच लाव्हा लहान लहान जिभांनी पसरलेला आहे, पट्टा मध्येच संपतो. दोन्ही डोंगरांवर नीट दिसला तरच जोडा.

पातळ पांढरा गोंद पावसाळ्यात वापरू नका, पुठ्ठा फुगून थराची जाडी बदलते. मी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर आलोय. लेझर कटिंगपेक्षा मला अजून कटरच बरा वाटतो, नवं पातं घातलं की कड्याची धार हातात राहते.

पुढे कळसूबाई (१६४६ मी.) घेणार होतो. ६०० मीटरची तळपातळी धरून ५२ पुठ्ठे मोजूनही ठेवलेत. पण लिहितालिहिता वाटतंय, ते कापायची घाई नको. आधी पायथ्याच्या बारी गावाहून तिरप्या उन्हातले फोटो हवेत, पदर मोजायला. आणि मदनच्या थरांमधली तांबडी रेघ गेरूने रंगवून बघतो, आजच. कुणाकडे कुलंगच्या कड्याचे उन्हाळ्यातले, गवत जळून गेल्यानंतरचे फोटो असतील तर नक्की पाठवा.