पुश की क्यू? एका अडकलेल्या रोलबॅकची गोष्ट

सीप्झच्या ऑफिसात दुपारची शिफ्ट होती, क्लायंट अमेरिकेतला, त्यांच्याकडे रात्र असते म्हणून त्यांचे चेंज, म्हणजे सिस्टीममधले बदल, आमच्याकडे भर दुपारी येतात. रेक्सची, म्हणजे मेनफ्रेमवर चालणाऱ्या स्क्रिप्टिंग भाषेतली, एक जुनी स्क्रिप्ट तीन कामं करायची. चालू डेटासेटला (मेनफ्रेमवरच्या फाइलला) ओल्ड नाव द्यायचं, न्यू वाल्याला चालूचं नाव द्यायचं आणि मग एक प्रोग्राम कॉल करायचा. तिसरं फेल गेलं. फसलं तर केलेलं मागे फिरवणारा रोलबॅक लिहिलेला होताच, पण तोही पहिल्याच रिनेमला आपटला.

माझी ज्युनियर लॉग बघत म्हणाली, "दादा, हा ओल्डला परत चालूचं नाव द्यायला निघालाय, पण त्या नावावर अजून नवाच बसलाय ना!"

अगदी बरोबर पकडलं पोरीने. प्रत्येक काम झालं की त्याची उलट कमांड स्क्रिप्ट क्यू करून, म्हणजे रांगेत शेवटी लावून ठेवायची, म्हणजे पुल केल्यावर, ओळ बाहेर काढल्यावर, सगळ्यात आधी पहिल्या कामाची उलट कमांड बाहेर. रोलबॅकला हवं नेमकं उलटं, शेवटचं केलेलं आधी मोडायचं. आम्ही दोन्ही रिनेम हाताने उलट्या क्रमाने मारले, क्लायंटची ऑनलाइन सिस्टीम वेळेत उघडली.

मग ती म्हणाली, "क्यूच्या जागी पुश लिहू, झालं." इथेच खरी गोम आहे आणि हे मला मनापासून सांगायचंय. रेक्समध्ये पुश आणि क्यू दोन्ही एकाच डेटा स्टॅकवर, म्हणजे ओळी तात्पुरत्या रचून ठेवायच्या जागेवर, टाकतात, पुश वरून, क्यू खालून, आणि पुल कायम वरूनच काढतं. आमच्या पुढच्या कामांची यादीही एक्झेकआयओने, म्हणजे फाइल वाचणाऱ्या कमांडने, त्याच स्टॅकवर आलेली. पुश केलं असतं तर पहिलं काम झाल्या झाल्या पुढच्या पुलला त्याचीच उलट कमांड हातात आली असती, म्हणजे केलं की मोडलं!

म्हणून कामांची यादी स्टेममध्ये (रेक्सच्या अ‍ॅरेसारख्या व्हेरिएबलमध्ये) वाचली, स्टॅक फक्त उलट कमांडसाठी ठेवला आणि तिथे पुश. सुरुवातीला न्यूस्टॅक म्हणजे नवा कोरा स्टॅक, शेवटी डेलस्टॅक म्हणजे तो उरलेल्या ओळींसकट पुसणं, हे तर मी कुणालाच गाळू देत नाही, कारण स्क्रिप्ट संपल्यावर स्टॅकवर उरलेल्या ओळी टीएसओ (मेनफ्रेमवर आपण कमांड देतो तो भाग) कमांड समजून चालवायला घेतो, आणि इथे तर उरणार त्या खऱ्याखुऱ्या रिनेम कमांडच, म्हणजे सगळं नीट पार पडलेल्या रात्रीसुद्धा चेंज आपोआप मागे गेला असता.

संध्याकाळी टेस्टला तिसरं काम मुद्दाम फेल केलं. नवा हटला, मग ओल्ड जागेवर आला.