बडीशेपेची ताटली आणि भूमध्य समुद्रावरील सात रात्रींचा हिशेब

धरमपेठेतील आमच्या नेहमीच्या उपाहारगृहात बिल बडीशेपेच्या ताटलीतून येते, आणि परत आलेल्या सुट्ट्या पैशांतली दहा किंवा वीस रुपयांची नोट दाणे झटकून पुन्हा त्याच ताटलीत ठेवली की टिपचा विषय संपतो. किती ठेवले हे देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. हीच सवय सोबत घेऊन सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघे, माझे मेहुणे, त्यांच्या पत्नी आणि आमच्या सासूबाई, नागपूरहून मुंबईमार्गे बार्सिलोनाला पोहोचलो आणि तेथून एका अमेरिकी कंपनीच्या जहाजाने सात रात्रींच्या सफरीला निघालो. पाल्मा, मार्सेय, ला स्पेझिया, चिविताव्हेकिया आणि नेपल्स असा तो मार्ग होता. या बंदरांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, त्यामुळे त्यांची वर्णने मी येथे करणार नाही. या सफरीत आमची सर्वाधिक चर्चा, एक भांडण आणि बराच पैसा ज्या गोष्टीवर खर्च झाला त्या टिपविषयीच लिहिणार आहे.

आमच्या पॅकेजच्या कागदावर, विमा आणि व्हिसा शुल्काच्या खालोखाल, ‘ग्रॅच्युइटी समाविष्ट नाही’ अशी एक ओळ बारीक अक्षरात होती. ग्रॅच्युइटी म्हटले की आपल्याकडे निवृत्तीच्या वेळी मिळणारी रक्कम डोळ्यांसमोर येते, त्यामुळे ती ओळ आम्ही कोणीही मनावर घेतली नाही. तिचा अर्थ येथे टिप असा आहे, हे जहाजावर दुसऱ्याच दिवशी कळले. प्रत्येक प्रवाशाच्या नावावर दररोज १८ डॉलर आपोआप चढत होते. पाच माणसे, सात रात्री, म्हणजे ६३० डॉलर, आणि त्या वेळच्या दराने ५५ हजार रुपयांच्या आसपास. नागपूर ते मुंबई या विमानप्रवासाला आम्हा पाचांना जाऊन-येऊन लागले त्याहून ही रक्कम बरीच मोठी होती. अमेरिकी जहाजांवर साध्या केबिनसाठी हा आकार दरडोई दररोज साधारण १६ ते २० डॉलर असतो आणि स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या आलिशान खोलीत राहणाऱ्यांना तो अधिक पडतो. लहान मुलांनाही तो सहसा माफ नसतो. चौघांच्या कुटुंबाने आठवड्याच्या सफरीसाठी पाचशे डॉलर तिकिटाच्या किमतीतच धरून चालावे, म्हणजे समुद्रावर गेल्यावर झोप उडणार नाही.

मेहुण्यांची झोप उडाली होती. ते वकील नाहीत, परंतु वर्तमानपत्र बारकाईने वाचतात. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून उपाहारगृहांना बिलात सेवाशुल्क परस्पर लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली, हे त्यांना तारखांसह पाठ होते. त्या बळावर चौथ्या दिवशी संध्याकाळी ते गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरपुढील रांगेत उभे राहिले. मीही त्यांच्या मागे उभा होतो, हे येथे कबूल केलेले बरे. काउंटरवरील मुलीने भारतीय कायद्याचे विवेचन संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतले, कारण विचारले नाही, एक अर्ज पुढे केला आणि त्यांच्या केबिनमधील तिघांची रक्कम काढून टाकली. अनेक कंपन्यांच्या जहाजांवर ती अशी काढता येते, हे खरे आहे. माझा नंबर आला तेव्हा मात्र मला काय बोलावे ते सुचेना, आणि मी पाचाच्या सुट्या नोटा मागून परत फिरलो.

ही रक्कम कशाची असते, ते आम्हाला जेवणाच्या टेबलावर कळले. आमच्या टेबलाचा साहाय्यक वेटर सिंधुदुर्गातील, कुडाळकडचा होता. पहिल्या रात्री आमचे मराठी बोलणे ऐकताच त्याने सासूबाईंना ‘आजी, डाळ-भात हवा असेल तर उद्यापासून सांगून ठेवतो’ असे म्हटले होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यापुढे डाळ, भात आणि बऱ्यापैकी पातळ पोळी येऊ लागली होती. चौथ्या रात्री मी त्याला सहज विचारले की, हे रोजचे १८ डॉलर तुमच्यापर्यंत पोहोचतात का. तो म्हणाला, “काका, आमचा पगार म्हणजे त्यातलाच बराचसा भाग. ते सगळ्यांचं एकत्र जमतं आणि वाटलं जातं. जो कपडे धुतो, जो भांडी घासतो, तो तुम्हाला दिसतसुद्धा नाही, त्याचाही वाटा त्यातच असतो.” मेहुण्यांनी तेव्हा पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

या पद्धतीमागे अमेरिकेतील उपाहारगृहांची रीत आहे. तेथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे केंद्रीय किमान वेतन तासाला अवघे २.१३ डॉलर असून तो आकडा १९९१ पासून बदललेला नाही. काही राज्यांनी आपल्यापुरता तो वाढवला असला, तरी उरलेले वेतन गिऱ्हाइकाने टेबलावर पूर्ण करायचे, हे तेथे गृहीत धरलेले असते. म्हणूनच अमेरिकी माणूस १८ ते २० टक्के टिप देतो तेव्हा तो औदार्य दाखवत नसतो. मोठी जहाजे तर बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदवलेली असतात, त्यामुळे त्यांवरील कर्मचाऱ्यांना अमेरिकेचा वेतन कायदाही लागू होत नाही. त्यांच्यासाठी २०१३ पासून अंमलात आलेला सागरी कामगार करार आहे, आणि त्यात कामाची कमाल मर्यादा चोवीस तासांत १४ तास व आठवड्याला ७२ तास अशी आहे. आमचा कुडाळचा मुलगा सकाळी न्याहारीला, दुपारी बुफेत आणि रात्री आमच्या टेबलावर दिसत असे. सलग काही महिन्यांचा करार संपेपर्यंत त्याला आठवड्याची सुट्टी नव्हती.

त्या रात्री केबिनकडे परतताना सासूबाईंनी आपल्या मुलाला एकच प्रश्न विचारला. “त्या पोराची पोस्त कापून आला का तू?”

त्यांच्या नागपुरातील महाल भागातल्या घरी अजूनही दिवाळीला झाडूवाली, दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा यांच्या नावाची पाकिटे फराळाच्या पुड्यांबरोबर तयार असतात. त्यांच्या लेखी पोस्त आणि बक्षीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्त ही वर्षभर राबल्याची असते, ती कापता येत नाही; बक्षीस आपल्याला एखादी गोष्ट आवडली म्हणून आपण देतो, ते द्यावे किंवा देऊ नये. मेहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काउंटरवर गेले आणि काढलेली रक्कम परत लावून आले. मी माझ्या खर्चाच्या वहीत त्या दिवसापासून ‘पोस्त’ आणि ‘बक्षीस’ असे दोन रकाने आखले, आणि पुढे जाणाऱ्यांनाही तसेच करण्याचे सुचवीन, कारण आमचे जे पैसे विनाकारण गेले ते हे दोन रकाने एकमेकांत मिसळल्यामुळे गेले.

त्याचे उदाहरण माझ्याच पावतीवर होते. न्याहारीला मशीनमधला संत्र्याचा रस फुकट होता, पण ताजा काढलेला हवा असेल तर पाच डॉलर. नागपूरच्या माणसाने पाच डॉलर देऊन संत्र्याचा रस प्यावा हे लाजिरवाणेच, तरी मी सलग तीन दिवस तो प्यायलो. पावतीवर ५.०० हा आकडा, त्याखाली १८ टक्क्यांप्रमाणे ०.९०, मग एक रिकामी रेघ आणि त्याखाली एकूण रक्कम असे छापलेले होते. रिकामी रेघ भरायचीच असते असे समजून मी दरवेळी तीवर एक डॉलर लिहून सही केली. बारमध्ये मेहुण्यांनी नऊ डॉलरच्या बिअरवर तेच केले, आणि तेही दोन डॉलर लिहून. ते ०.९० म्हणजेच टिप होती. रेघ ही त्यावर आणखी काही द्यायचे असल्यास होती. बार, स्पा आणि वेगळे पैसे देऊन जेवायचे रेस्टॉरंट येथे बहुतेक जहाजांवर १८ ते २० टक्के आधीच लावलेले असतात. सही करण्यापूर्वी पावती वरून खालपर्यंत वाचावी आणि रेघ मोकळी सोडावी किंवा तीवर आडवी काट मारावी. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

बक्षिसाच्या रकान्यात आम्ही शेवटच्या रात्री खोली आवरणाऱ्याला वीस डॉलर, कुडाळच्या मुलाला पंचवीस, आणि मुख्य वेटरला वीस दिले. खोलीत चहा आणून देणाऱ्याला दरवेळी दोन. हे आकडे कोणत्याही नियमात नाहीत. यासाठी नागपुरातूनच सुट्या नोटा न्याव्यात, परंतु त्या सहज मिळत नाहीत. सीताबर्डीवर आम्हाला परकीय चलनाच्या दुकानातून शंभराच्याच नोटा मिळाल्या आणि एक-पाचच्या नोटांसाठी चार दिवस आधी सांगून ठेवायला हवे होते असे ऐकावे लागले. जहाजावरच्या काउंटरवर नोटा मोडून मिळतात, मात्र शेवटच्या रात्री तेथे रांग लागते, म्हणून हे काम आधी उरकावे. कर्मचाऱ्यांना उरलेली युरोची नाणी ओंजळीने देऊ नयेत. कुडाळला कोणतीही बँक ती बदलून देणार नाही. मूळ ग्रॅच्युइटी शक्य असेल तर निघण्यापूर्वीच भरून टाकावी, म्हणजे दर वाढला तरी फरक पडत नाही, आणि पॅकेजवाल्याने ती आधीच भरली असल्यास पावती सोबत ठेवावी.

जमिनीवर उतरल्यावर मात्र हे सगळे गणित बदलते, आणि तेथे आमची एक फजिती झाली. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी बार्सिलोनाच्या जुन्या गॉथिक भागात ‘फ्री वॉकिंग टूर’ची पाटी पाहून आम्ही ती महापालिकेची सोय समजलो. पिवळी छत्री धरलेल्या तरुणीने दोन तास उत्तम माहिती दिली, सासूबाईंना बसता यावे म्हणून दोनदा थांबली. शेवटी कॅथेड्रलपुढील चौकात प्रत्येक जण पुढे होऊन तिच्या हाती दहाची नोट देऊ लागला. आम्ही पाच जणांमिळून पाच युरो दिले. तिने हसून आभार मानले, परंतु तिची सारी कमाई तेवढीच असते हे नंतर हॉटेलात कळल्यावर ते हसणे आठवून मला आजही अवघडल्यासारखे होते. अशा टूरला दरडोई आठ-दहा युरो धरावेत. तितके द्यायचे नसतील तर तिकिटाची टूर घ्यावी.

फ्रान्समध्ये हा प्रश्न जवळजवळ नाहीच. तेथे १९८७ पासून मेनूवरील किमतीत सेवेचा आकार धरलेलाच असावा असा नियम आहे, आणि बिलावर ‘सर्व्हिस कॉम्प्री’ असे लिहिलेले असते. मार्सेयला जेवल्यावर एक-दोन युरोचे नाणे ठेवले तरी पुरे. इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ नावाची दरडोई एक ते तीन युरोंची ओळ दिसली म्हणून भांडू नये. ती टिप नसून बसण्याचा आणि ब्रेडचा आकार आहे, आणि तो मेनूवर सहसा लिहिलेला असतो. ‘सेर्व्हित्सियो’ ही ओळ वेगळी, तिचा अर्थ सेवाशुल्क. ती असेल तर वर काही देण्याचे कारण नाही. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त आणि टेबलावर बसून प्यायली तर महाग, हेही तेथील रीतीतच बसते.

नेपल्सला मात्र मी थोडा जास्त वेळ काउंटरजवळ रेंगाळलो. तेथे ‘काफे सोस्पेजो’ अशी जुनी प्रथा आहे: एक कॉफी प्यायची, दोन कॉफींचे पैसे द्यायचे, आणि दुसरी कोणा अनोळखी गरजवंतासाठी राखून ठेवायची. आमच्यापुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पैसे देताना बोटांनी दोन असे दाखवले आणि एकच कप पिऊन ते निघून गेले. कोणी काही बोलले नाही. सासूबाईंना अर्थ सांगितल्यावर त्यांनी आपल्या बटव्यातून दोन युरो काढले. वहीत ते कोणत्या रकान्यात लिहावेत हे मला ठरवता आले नाही.

इतर देशांविषयी थोडक्यात. इजिप्तमध्ये आपला ‘बक्षीस’ हाच शब्द ‘बक्षीश’ म्हणून ऐकू येतो, कारण आपल्याकडे आणि तिकडेही तो फारसीतूनच आला. नाईल नदीवरील बोटींवर सगळ्यांची मिळून टिप शेवटी स्वागतकक्षात दिली जाते. जपानमध्ये उपाहारगृहात टिप ठेवली तर वेटर ती विसरलेले पैसे समजून मागे धावत येतो. तेथे न देणे हाच शिष्टाचार. सिंगापूरच्या बिलात बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी आधीच असतात. जहाजांतही सरसकट नियम नाही: ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून ही रक्कम तिकिटातच घेतली आहे, आणि सिल्व्हरसीसारख्या महागड्या कंपन्या वेगळे काही मागत नाहीत.

आमच्या शेजारचे कुटुंब डिसेंबरात सिंगापूरहून जहाजाने निघणार आहे. त्यांना मी उरलेल्या एक डॉलरच्या अकरा नोटा दिल्या आणि पॅकेजचा कागद मागवून घेतला. तिसऱ्या पानावर, विम्याच्या खाली, तीच ओळ होती.