सभागृहात आमचे किती जण बसतील?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बेळगावच्या कडेच्या कंग्राळी, हिंडलगा, बेनकनहळ्ळी, हलगा, कुठल्याही गावी गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "सर, गाव उद्या महापालिकेत घेतलं तर तिथं आमचे किती जण बसतील?" विचारणारा कधी ग्रामपंचायतीचा माजी मेंबर असतो, कधी नुकताच प्लॉट घेऊन घर बांधलेला नोकरदार. पालिकेच्या सभांचं वार्तांकन करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

आधी हिशेब करू. कर्नाटकात ग्रामपंचायतीला दर 400 लोकसंख्येमागे एक सदस्य असतो. म्हणजे 8,000 वस्तीच्या गावाला 20 मेंबर. बेळगाव महापालिकेत 58 वॉर्ड आहेत आणि 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 4 लाख 88 हजारांच्या घरात होती. भागून बघा, एका नगरसेवकामागे साधारण 8,400 माणसं येतात. आज तुमच्या गावात गल्लीगल्लीत एक मेंबर आहे. गटार तुंबलं तर सकाळी त्याच्या दारात जाता येतं. महापालिकेत गेल्यावर अख्ख्या गावाला मिळून एकच नगरसेवक. तोसुद्धा गाव एकसंध राहिलं तर. सीमा आखताना गावठाणाचे दोन भाग केले आणि एकेक भाग शेजारच्या मोठ्या वसाहतीला जोडला, तर दोन्ही वॉर्डांत गाव अल्पमतात जातं आणि गावचा म्हणावा असा एकही माणूस निवडून येत नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की हद्दवाढीची चर्चा जागांच्या संख्येपासून सुरू व्हावी. गावं आत घ्यायची आणि 58 चा आकडा तसाच ठेवायचा, म्हणजे आहे त्याच पाटावर आणखी माणसं दाटीवाटीनं बसवायची. नगरसेवकांची संख्या ठरवणं सरकारच्या हातात आहे. ती वाढवल्याशिवाय गावं आत घेऊ नयेत.

बेळगावात प्रतिनिधित्व हा शब्द काढला की सगळ्यांना आधी भाषा आठवते. त्याला इतिहास आहे. 2005 मध्ये महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव या सभागृहानं केला आणि राज्य सरकारनं सभागृहच बरखास्त केलं. वॉर्ड पुनर्रचनेचा नकाशा निघाला की मराठी माणूस त्यात आधी आपल्या गल्ल्या कुठं तोडल्या ते शोधतो. ती शंका मी उडवून लावणार नाही, ती अनुभवातून आलेली आहे. पण मराठी किती, कन्नड किती, उर्दू किती हे मोजताना शहराच्या कडेचे किती आणि मधले किती हे मोजायचं आपल्याकडून राहिलं. बसवन कुडची, अलारवाड, कणबर्गी ही गावं केव्हाच शहरात आली. तिथल्या रस्त्याची, दिव्यांची, स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेची तक्रार कोणत्या भाषेत केली यानं फारसा फरक पडत नाही. कडेला राहणाऱ्या मराठी आणि कन्नड कुटुंबांची गाऱ्हाणी एकमेकांशी जितकी जुळतात, तितकी ती पेठेतल्या आपापल्या भाषेच्या माणसांशी जुळत नाहीत.

आता जनगणनेचं बघू, कारण खरी गोम तिथं आहे. वॉर्ड आखायला अखेरच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेचे आकडे घ्यावे लागतात. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे हातात 2011 चेच आकडे राहिले. त्यानंतर शहर कुठं वाढलं? गणपत गल्लीत नव्हे, मारुती गल्लीतही नव्हे. तिथं उलट वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं हलली आणि त्या जागी गोदामं आली. शहर वाढलं ते कडेला, जुन्या शिवारांत. 2011 साली जिथं भात डोलत होतं तिथं आज चारमजली अपार्टमेंटं आहेत, आणि त्यांतली माणसं वॉर्डाच्या हिशेबात कुठंच नाहीत. कागदावर सगळे वॉर्ड सारखे दिसतात, पण कडेच्या नगरसेवकाच्या पाठीमागे माणसं कितीतरी जास्त असतात. नवा आकडा हाती आला की पुनर्रचना ताबडतोब व्हायला हवी. तोवर मधल्या काळात निधीवाटपात तरी मतदारयादीतली वाढ विचारात घ्यावी. मतदारयादी दर वर्षी सुधारली जाते, म्हणजे वाढीचा माग घ्यायचं साधन हाताशी आहे.

यावर पेठेतले मित्र रागावतात. "आमच्या जागा कमी करून त्यांना देणार का?" होय, काही जागा जातील. बाजाराला दिवसभर माणसांची गर्दी असते, कचरा होतो, पार्किंगचा ताण येतो, हे सगळं खरं. पण सभागृहातली जागा राहत्या माणसांमागे मिळते. बाजारासाठी वेगळी तरतूद मागा, तुमच्या बाजूनं मी लिहीन. जागा मात्र वस्तीच्या मागे गेली पाहिजे.

एक गोष्ट मला फार सलते. शहराला प्यायचं पाणी राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येतं. कचरा तुरमुरीला जातो. सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी हलग्याची शेतजमीन घेतली गेली, शेतकऱ्यांनी विरोध केला तरी. या गावांतल्या एकाही माणसाला महापालिकेच्या निवडणुकीत मत नाही. तुरमुरीच्या माणसाला वास सहन करावा लागतो आणि तो वास कमी करण्याचा निर्णय जे सभागृह घेऊ शकतं तिथं त्याच्यासाठी साधी खुर्चीही नाही. या गावांना महापालिकेत ओढा असं मी म्हणत नाही. त्यांना शेती जपायची असेल तर गावपण ठेवण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण त्यांच्या हद्दीत शहराचं जे काही आहे, त्याबद्दलच्या बैठकीत त्यांचा निवडून आलेला माणूस बोलावलाच पाहिजे, आणि त्याचं म्हणणं इतिवृत्तात आलं पाहिजे.

लष्करी छावणीचं, म्हणजे कॅम्पाचं, उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवा. कॅम्पातली नागरी वस्ती महापालिकेला जोडण्याचा प्रस्ताव आहे. तिथला कारभार बघणाऱ्या कँटोन्मेंट बोर्डावर 2021 पासून लोकांनी निवडून दिलेले सदस्य नाहीत. त्या वस्तीला आत घेताना तिचा स्वतंत्र वॉर्ड झाला नाही, तर एका बिनमताच्या व्यवस्थेतून दुसऱ्या कोपऱ्यात ढकलल्यासारखं होईल.

जागा मिळाली म्हणजे आवाज मिळाला असंही नाही. महापालिकेत चार स्थायी समित्या असतात, प्रत्येकीत सात सदस्य. कर, आरोग्य, नगररचना, लेखा यांचं खरं काम तिथं चालतं. त्यातल्या नगररचना समितीत कडेचा एकही नगरसेवक नसेल, तर लेआउटच्या आणि रस्त्यांच्या विषयावर तुमचा माणूस सभागृहात टाळ्या वाजवण्यापुरता उरतो. 24 तास पाण्याची योजना आठवा. आधी 58 पैकी 10 वॉर्डांत प्रायोगिक पुरवठा सुरू झाला. उरलेल्या 48 वॉर्डांसाठी पुढं वेगळी योजना आली आणि ते वॉर्ड वर्षानुवर्षं वाट बघत राहिले. प्रयोग कुठंतरी सुरू करावा लागतो हे मान्य. पण पुढचा टप्पा कुठला, हे ठरवणाऱ्या टेबलावर उशिरा पाणी मिळणारे बसलेले असावेत, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

आणि सभागृहच नसेल तर? 2019 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झाली 3 सप्टेंबर 2021 ला आणि महापौर निवडले गेले फेब्रुवारी 2023 मध्ये. तेवढा काळ कारभार अधिकाऱ्यांच्या हातात होता. मधल्या वस्तीतला माणूस ओळखीनं काम करून घेतो. कडेच्या माणसाला ऑफिसात कोणी ओळखत नाही, त्याला नगरसेवक हीच ओळख. त्यामुळे निवडणूक लांबली की सर्वांत आधी कडेची वस्ती अनाथ होते. प्रत्येक वॉर्डात वॉर्ड समिती असावी, तिनं दर महिन्याला बसावं, तिच्यात महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि रहिवासी संघटना यांना जागा असाव्यात, अशी तरतूद कर्नाटकाच्या कायद्यात आहे. 8,400 माणसांच्या वॉर्डात गल्लीतला मेंबर परत मिळवायचा हाच एक मार्ग मला दिसतो. तो नगरसेवकाच्या मर्जीवर सोडू नका.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. पुनर्रचनेचा मसुदा निघाला की हरकतींना मुदत असते, आणि ती थोडी असते. मसुद्यात चतुःसीमा दिलेल्या असतात, उत्तरेला अमुक रस्ता, पूर्वेला तमुक नाला. त्या घरात बसून वाचू नका, चार माणसं मिळून चालत जा. रेल्वेरूळ, बळ्ळारी नाला, महामार्ग ओलांडून वॉर्ड पसरवलाय का ते बघा. पावसाळ्यात नाला भरला की पलीकडच्या नगरसेवकाला तुमच्याकडे येताही येत नाही. गावठाण कुठं तोडलंय ते घरक्रमांकासह लिहा. "आमच्यावर अन्याय झाला" असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. "अमुक गल्लीची ही इतकी घरं या वॉर्डात हवीत, कारण त्यांची शाळा, रेशन दुकान आणि देऊळ इकडं आहे" असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहा, सह्या दोन्हीकडच्या लोकांच्या घ्या, आणि अर्ज देताना शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.