तुम्ही विचारलंत म्हणून : ताईशी बोलत का नाहीस?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली कुणीतरी विचारतेच, "एकच तर बहीण, तिच्याशी बोलत का नाहीस गं?" मी "तसं काही नाही हो" म्हणून जिलबी मागून घेते. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या पंगतीत निवांत जेवता येईल.

ताई कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणीही दवाखान्यात पडलं की पहिला डबा तिचा पोचतो. माझ्यासाठीही पोचला होता.

चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. घराची किल्ली ताईकडे होती, कुंड्यांना पाणी घालायला. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा हात धरून जिना चढले, तर दाराशी चपलांचा ढीग. आत हळदीकुंकू चाललेलं. माझ्या घरात, माझ्या नावाने. "तुला बरं वाटावं म्हणून सरप्राइज!" अठरा बायका. मी पोटाशी उशी धरून सोफ्याच्या कडेला टेकले.

मग ताईने वाण लुटायला घेतलं. स्टीलच्या वाट्या. तीन-चार वाट्या गेल्यावर माझं लक्ष गेलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती : आईचं नाव आणि १२-५-७४. आईच्या लग्नातल्या वाट्या. माळ्यावर, ट्रंकेत, तिच्याच सुती साडीत गुंडाळून ठेवलेल्या. ट्रंकेला कुलूप नव्हतं. स्वतःच्या माळ्यावरच्या ट्रंकेला कोण कुलूप लावतं?

"ताई, त्या आईच्या वाट्या आहेत."

"अगं, पडूनच तर होत्या. आईचं नाव घरोघरी जाईल."

"मला विचारायचंस ना."

एवढंच. आवाजही चढला नव्हता, टाके चढूच देत नव्हते. ताईने तबक खाली ठेवलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "दोन रात्री झोपले नाही मी हिच्यासाठी." पुढची वीस मिनिटं अठरा बायका तिची समजूत काढत होत्या. कुणीतरी पाणी आणलं, तिला. शेवटी मीच उठले, तिला जवळ घेतलं आणि "चुकलं माझं" म्हणाले. वाकताना पोटात जी कळ आली ती मला अजून आठवते. वाण लुटायचं राहिलं होतं तेवढं मग लुटून झालं.

वाट्यांवरून बहीण तोडली? असं म्हणाल तर हसू येतं. गावाकडे भाऊबंद बांध कोरतात ते बघितलंय ना? दरवर्षी नांगराचं एकच तास पलीकडे. बोलायला जावं तर बोलणाराच हलका ठरतो, वीतभर मातीसाठी भांडतोय म्हणून. मोजणी आणली की कळतं, दोन गुंठे गेलेत. मला दिवस गेल्याचं तुम्हाला मी सांगायच्या आधी ताईने सांगितलं. ते राहिले नाहीत, हेही तिनेच. तेव्हा मी बोलले नव्हते.

आणि शब्द तरी कुठला वापरू? 'मर्यादा' म्हटलं की आपल्याकडे धाकट्यांनी पाळायची ती. थोरल्यांना मर्यादा असते असं वाक्य मी आमच्या घरात कधी ऐकलेलं नाही.

वाट्यांनंतर मी रात्र रात्र मोबाइलवर 'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःतच गुंतलेलं माणूस, शोधत बसायचे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० पासून हा विकार आहे. नऊ लक्षणं, त्यातली निदान पाच हवीत. कौतुकाची भूक, सगळ्यावर आपला हक्कच आहे ही समजूत, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते न कळणं, असं बरंच. मी ताईसाठी सात खुणा केल्या. मग गंमत म्हणून स्वतःसाठी केल्या, तर हेव्यापाशी पेन अडखळलं. अठरा बायका तिच्याभोवती जमल्या होत्या, माझ्याभोवती नाही, याचा मला हेवा वाटला होता. तो कागद फाडला. निदान डॉक्टर करतात, तेही माणसाला समोर बसवून. मला फक्त एवढं कळतं, की मी "नको" म्हटलं की तिला ते ऐकू येतं "तू वाईट आहेस" असं.

आणि खरं सांगायचं तर आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती, मी तेराची. माझे शाळेचे डबे तिने भरले. विचारून घर चालवायची सवय तिला लागणार कुठून? हे मला तेव्हाही कळत होतं. तरी कुलूप बदललं. बदलून घरी येताना चोरासारखं वाटलं, आणि त्या रात्री गाढ झोपही लागली. दोन्ही खरं. किल्ली मीच दिली होती, हेही.

अठरापैकी पाच वाट्या परत आल्या. समोरच्या काकूंनी तर साखर घालून आणून दिली. रिकामी वाटी परत करायची नसते म्हणून.

गेल्या दिवाळीत ताईने कुणाच्या तरी हाती फराळ पाठवला. चिवड्याच्या डब्यात वर एक वाटी होती, उपडी घातलेली. बोटाने चाचपडलं तर ठिपके लागले. म्हणजे एक तिने स्वतःसाठी ठेवली होती. की ही मला परत केली? की डब्यात मोजायला म्हणून राहून गेली? विचारायचं तर फोन करावा लागेल. पाठवायची तर रिकामी कशी पाठवू? सध्या ओट्यावर आहे, मी तिच्यात मीठ ठेवते.