अण्णाच्या गाठीचा ब्लॉक

अण्णा आमच्यात थोरला, येळ्ळूरला भातशेती करतो. वय शेहेचाळीस, दम लागायचा, हिमोग्लोबिन सात. गावात लोहाच्या गोळ्या चालू होत्या. बेळगावच्या डॉक्टरांनी मात्र या वयाच्या पुरुषाचं रक्त कमी होतंय एवढं ऐकूनच कोलोनोस्कोपी सांगितली. मोठं आतडं जिथं सुरू होतं तिथं, उजव्या बाजूला गाठ निघाली. या बाजूची गाठ बरेचदा शौचाला अडवत नाही, आतल्या आत रक्त झिरपत राहतं, म्हणून पोटाकडं कुणाचं लक्ष जात नाही.

ऑपरेशन नीट झालं. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी होत्या. गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडं गेलेली, पण काढलेल्या एकाही लिम्फ नोडमध्ये (आतड्याजवळच्या छोट्या लसीका ग्रंथी, कॅन्सर पसरताना बरेचदा आधी तिथं जातो) कॅन्सर नव्हता. (अशा ऑपरेशनमध्ये निदान १२ नोड तपासायला हव्यात, तरच 'नाही' या शब्दावर विसंबता येतं. आपल्या रिपोर्टात हा आकडा बघून घ्यावा.) दुसरी गोष्ट खाली बारीक अक्षरात होती: गाठीत आणि गाठीच्या कडेला लिम्फोसाइट, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर. त्यावर बोट ठेवून कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "एमएमआर करून घ्या. मगच केमोचं ठरवू."

पेशी वाढताना डीएनएची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की चुका आल्या. त्या दुरुस्त करणारी यंत्रणा म्हणजे एमएमआर. तिची चार प्रथिनं तपासतात: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सुमारे १५ टक्के गाठींत ही यंत्रणा बंद पडलेली असते. मग चुका साचतात, पेशी विचित्र प्रथिनं बनवायला लागते आणि शरीरातल्या टी पेशींना (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) ती परकी वाटतात. म्हणून अशा गाठीत टी पेशींची गर्दी.

तपासणीसाठी ब्लॉक लागतो, म्हणजे काढलेल्या गाठीचा मेणात बसवून जपलेला तुकडा. ऑपरेशन ज्या दवाखान्यात झालं तिथल्या खिडकीवर पहिलं उत्तर मिळालं, "ब्लॉक कशाला? रिपोर्ट दिलाय की." अर्ज कन्नडमध्ये. माझं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळे तो पुतण्यानं भरला. अर्जासोबत डॉक्टरांची चिठ्ठी, अण्णाच्या आधारची झेरॉक्स आणि त्याची सही लागली. पेशंट घरी झोपलेला असेल तर सही आधीच घेऊन ठेवा, नाहीतर सगळी खेप वाया. आणि "ब्लॉक द्या" एवढंच म्हणू नका. एका गाठीचे बरेच ब्लॉक असतात. गाठ भरपूर आणि शेजारी थोडं चांगलं आतडंही आहे असा ब्लॉक पॅथॉलॉजिस्टनं निवडून द्यायचा असतो.

हातात आली ती दोन पेरांएवढी प्लास्टिकची चौकट. वर पांढरं मेण, मेणात करड्या रंगाचा चपटा तुकडा, कडेला पेन्सिलीनं घातलेला नंबर. पेन्सिलच का, तर प्रक्रियेतल्या रसायनांत शाई धुऊन जाते, शिसं टिकतं. मेण साठेक अंशाला वितळतं, तेव्हा एप्रिलच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची ही वस्तू नव्हे. मी शर्टाच्या खिशात घालून आणली. वहिनींनी घरी ती हातात घेतली नाही, लांबूनच पाहिली.

रिपोर्ट आल्यावर पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला स्लाइड स्क्रीनवर दाखवली. त्यांना हे काही करायची गरज नव्हती, पण मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढं ओढली. ज्या पेशीत प्रथिन आहे तिचं केंद्रक तपकिरी दिसतं, नाही तिचं निळंच राहतं. एमएसएच-२ च्या स्लाइडवर गाठीच्या पेशींची सगळी केंद्रकं निळी होती. आणि त्यांच्या मधेमधे बारीक, गोल, गडद तपकिरी ठिपके. "हे लिम्फोसाइट. यांचं प्रथिन शाबूत आहे, म्हणून रंग नीट चढलाय हे आम्हाला कळतं," मॅडम म्हणाल्या. अण्णाच्या अंगातल्या लढणाऱ्या पेशीच त्या तपासणीच्या साक्षीदार होत्या. एमएसएच-६ चंही तसंच, कारण ते एमएसएच-२ च्या जोडीनं राहतं, जोडीदार गेला की टिकत नाही.

तोवर घरी गुळवेलीचा काढा सुरू झाला होता, भावोजींनी कुठलीशी 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' पावडर आणली होती आणि घरच्या ग्रुपवर २०२२ ची ती जुनी बातमी परत फिरत होती: कॅन्सरवर औषध सापडलं, सगळे पेशंट बरे. बातमी खोटी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये डोस्टारलिमॅब दिलेल्या पहिल्या १२ जणांची गाठ खरंच दिसेनाशी झाली. पण ते सगळे गुदाशयाच्या कॅन्सरचे आणि सगळ्यांची एमएमआर बंद पडलेली. ही अट फॉरवर्ड करताना गळून पडली होती.

शाळा सुटल्यावर मी वाचत बसलो. या विषयावर शोधनिबंधांचा महापूर आहे, पण त्याची दिशा कळते. २००६ मध्ये पॅरिसच्या जेरोम गॅलन यांच्या गटानं दाखवलं की गाठीच्या मधोमध आणि कडेला टी पेशी किती आहेत यावरून पेशंटचं पुढं काय होईल याचा अंदाज येतो. त्यावरून 'इम्युनोस्कोर' आला. २०१८ मध्ये १३ देशांतल्या अडीच हजारांवर पेशंटवर तो पडताळला गेला, त्यात अहमदाबादचं केंद्रही होतं. त्याच वर्षी ॲलिसन आणि होन्जो यांना नोबेल मिळालं, टी पेशींवरचे ब्रेक शोधून ते काढण्याचा मार्ग दाखवला म्हणून. डोस्टारलिमॅबसारखी आताची औषधं शक्ती वाढवत नाहीत, ब्रेक सोडवतात. सुटलेल्या पेशी कधी थायरॉइडवर, कधी चांगल्या आतड्यावरही जातात. पावडरच्या डब्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं.

एमएमआर चालू असलेल्या उरलेल्या ८५ टक्क्यांचं काय, हा आजचा खरा प्रश्न. त्यांच्या गाठीत टी पेशी कमी शिरतात, शिरल्या तरी दबून राहतात. म्हणून संशोधन आता मॅक्रोफेजकडं (परकं गिळून टाकणाऱ्या पेशी), आतड्यातल्या जिवाणूंकडं आणि इतर पेशींना आवरणाऱ्या टी पेशींकडं वळलंय. या आवरणाऱ्या पेशींच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये त्या जास्त दिसल्या तरी काही अभ्यासांत पेशंट उलट बरे राहिलेत. सरळ उत्तर कुठंच नाही.

अण्णाला यातलं कुठलंच औषध लागलं नाही. दुसऱ्या टप्प्याची गाठ, त्यात एमएमआर बंद. अशा वेळी नुसत्या फाइव्ह-एफयू जातीच्या केमोचा फायदा दिसत नाही आणि गाठ परत येण्याची शक्यताही कमी असते. डॉक्टरांनी नुसती नजर ठेवायचं ठरवलं. घरी मात्र वादळ. "केमो देत नाहीत म्हणजे हात टेकले काय?" असं काकांनी तोंडावर विचारलं. अण्णाच म्हणाला, "काका, नको म्हणूलालेत ते चांगल्यासाठीच की."

पण काम तिथं संपलं नाही. एमएसएच-२ गायब म्हटल्यावर डॉक्टरांनी घराण्याचा कागद मांडायला घेतला. आत्या गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेलेली, आजोबा 'पोटाच्या दुखण्यानं'. डॉक्टरांना शंका आली ती लिंच सिंड्रोमची: एमएमआरचा दोष घराण्यातून येतो आणि आतड्याच्या, गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो अशी आनुवंशिक अवस्था. अण्णाच्या रक्तात एमएसएच-२ चा दोष सापडला. भावंडांना आणि मुलांना तो असण्याची शक्यता निम्मी. एकदा घरात नेमका दोष कळला की बाकीच्यांची तेवढीच एक जागा तपासायची, त्यामुळे खर्च बराच उतरतो. फक्त रिपोर्टची प्रत द्यावी लागते, "आमच्यात कॅन्सर आहे" एवढ्यानं लॅबला काही कळत नाही.

माझ्यातही दोष निघाला. पुतण्याच्यात नाही. मला आता दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. पहिलीत एक छोटा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचा कोंब) निघाला, तिथल्या तिथं काढला. आदल्या रात्री ते जुलाबाचं खारट पाणी संपवणं हाच त्यातला अवघड भाग.

आत्याची मुलं चंदगडला. रिपोर्टच्या झेरॉक्स घेऊन मी गेलो. ताईनं दुसऱ्याच आठवड्यात रक्त दिलं. तिला डॉक्टरांनी गर्भाशयाचीही तपासणी सांगितली आहे. तिचा भाऊ म्हणतो, काजूचा हंगाम संपू दे. झेरॉक्स त्याच्याकडं देऊन आलोय, पुढच्या रविवारी परत जाणार आहे.