अण्णांच्या ट्रंकेतला हावडा ब्रिज

मिरजेचं घर रिकामं करताना माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली आली. आत माझ्या आजोबांचे, म्हणजे अण्णांचे, 58 फोटो होते. काही सुटे, काही काळ्या कागदाच्या अल्बमला डिंकाने चिकटवलेले, आणि अल्बमला कसर लागलेली. बहुतेक फोटोंत एकच विषय, हुगळी नदीवरचा हावडा ब्रिज. तोही उभा राहिलेला नव्हे, उभा राहत असलेला. अण्णा 1936 ते 1943 कोलकात्यात एका कंत्राटदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फोटो आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली चूक मीच केली. अल्बममधला एक फोटो ओल्या फडक्याने सोडवायला गेले आणि अर्धी हुगळी फडक्यावर आली. जुन्या फोटोतली प्रतिमा कागदावरच्या जिलेटिनच्या थरात असते आणि ते पाण्याने फुगून सुटतं, हे नंतर वाचलं. त्यानंतर अल्बममधलं काहीही सोडवलं नाही, पानंच्या पानं तशीच स्कॅन केली.

दुसरी चूक पैसे देऊन केली. पाच फोटो एका स्टुडिओत 'साफ' करायला दिले. परत आले ते गुळगुळीत होऊन. ओरखडे गेले, डाग गेले आणि तुळयांवर खडूने घातलेले आकडेही गेले. स्टुडिओवाल्याला तेही डागच वाटले. कोणता तुकडा कुठे जोडायचा ते सांगणारी खूण होती ती. मूळ फोटो शाबूत होते म्हणून वाचले. मग भाच्याचा स्कॅनर आणला, 1200 डीपीआयवर सगळं स्वतः केलं आणि मूळ स्कॅनला हात लावायचा नाही असं ठरवलं.

खरी पंचाईत पुढे होती. एकाही फोटोमागे तारीख नाही. दोन-तीन ठिकाणी पेन्सिलीने 'पश्चिम' लिहिलेलं, बस. आठवडाभर मी जेवणाच्या टेबलावर पत्ते पिसल्यासारखे फोटो पिसत होते. दादरच्या आत्याला फोन केला तर म्हणाली, "अगं, पूल काय एकदम उगवतो का? आधी पाया, मग वरचं. त्याच क्रमाने लाव की."

सोपं होतं आणि बरोबरही होतं. पूलच कॅलेंडर झाला.

एका फोटोत जमिनीत चौकोनी खड्डे दिसत होते, चाळीच्या खोल्यांसारखे. मी त्याला कारखान्याचा पाया समजून बाजूला ठेवलं होतं. हावड्यात तेव्हा कारखान्यांना काय तोटा! तागाच्या गिरण्या, ओतकामाच्या भट्ट्या, इंजिनीअरिंगचे कारखाने. 'पूर्वेचं शेफील्ड' म्हणायचे त्या गावाला. मग खड्डे मोजले. 21. हावडा ब्रिजच्या मुख्य मनोऱ्यांखालच्या प्रत्येक विहिरीला, म्हणजे पाया म्हणून जमिनीत उतरवायच्या पोकळ ठोकळ्याला, 21 कूपक, म्हणजे उभे चौकोनी कप्पे, होते, आणि त्यांतला गाळ उपसत ती साधारण 55 बाय 25 मीटरची अजस्र वीट खाली खाली उतरवली जायची. म्हणजे हा फोटो अगदी सुरुवातीचा.

इथेच अण्णांची एक गोष्ट आठवली. ते सांगायचे, एका रात्री विहीर एकदम दोन फूट खचली, जमीन हादरली, काठावरचं देऊळ पडलं आणि कोलकात्यातल्याच खिदिरपूरच्या यंत्राने भूकंपाची नोंद केली. आम्ही मुलं हसायचो. 'अण्णांचा भूकंप' ही आमच्या घरात थापेला म्हण झाली होती. पुलाच्या इतिहासात तीच घटना, खिदिरपूरच्या भूकंपमापकासकट, छापलेली सापडली तेव्हा मी आत्याला रात्री साडेदहाला फोन केला. देऊळ नंतर पुन्हा बांधून दिलं, हेही त्यात होतं. अण्णांनी एवढंच सांगितलं नव्हतं.

पुढचं भराभर लागलं. आधी काठांकडचे बाहू, मग 280 फुटी मनोरे, मग नदीवर पुढे सरकणारे दोन हात आणि त्यांच्या पाठीवर सरपटणाऱ्या क्रेन. हात जवळ आलेले, मधे फट राहिलेली असे तीन फोटो आहेत. ही फट मिटवायला 800 टनी 16 हायड्रॉलिक जॅक लावले होते. खाली रस्ता नाही, नुसता सांगाडा. रस्ता नंतर त्याला लटकवला, 39 जोड्या दांड्यांनी.

एका तुळईवर स्कॅन मोठा केल्यावर टिस्कोचा, म्हणजे टाटांच्या पोलाद कंपनीचा, ठसा दिसला. महायुद्धामुळे विलायतेचं बहुतेक पोलाद आलंच नाही आणि 26,500 टनांपैकी 23,000 टन जमशेदपूरहून आलं.

एक फोटो मात्र कुठेच बसेना. हावडा स्टेशनचे मनोरे भलत्या बाजूला. दोन दिवस मी नकाशा उलटसुलट करून पाहिला. शेवटी गोदामावरची पाटी मोठी केली तर अक्षरं उलटी! निगेटिव्ह पालथी ठेवून छापलेला होता तो.

उद्‌घाटनाचा फोटो शोधून शोधून दमले. हार नाहीत, लाटसाहेब नाहीत. तो नसणारच होता. डिसेंबर 1942 मध्ये कोलकात्यावर जपानी बॉम्ब पडले होते, म्हणून 3 फेब्रुवारी 1943 ला पूल गाजावाजा न करता सुरू झाला. पहिली गेली ती एकटी ट्राम.

सगळे स्कॅन, क्रमांक आणि दोन-दोन ओळींच्या नोंदी करून कोलकात्याच्या एका संग्रहाला पाठवल्या. त्याआधी आत्याला दाखवायला दादरला गेले. वरच्या तुळईवर पाय सोडून डबा खात बसलेल्या माणसाच्या फोटोखाली मी मोठ्या हौसेने 'अण्णा, सुमारे 1941' लिहिलं होतं. आत्याने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"हे अण्णा नव्हेत."

"अगं, पण टोपी तशीच आहे."

"टोपी असेल. अण्णा मिरजेच्या घराच्या गच्चीच्या कठड्याशी उभे राहायचे नाहीत. चक्कर यायची त्यांना. हा रिपीट मारणारा कुणीतरी असेल बघ, शेजारी भट्टी आहे."

भट्टी होतीच. तापवलेला लाल रिपीट, म्हणजे रिव्हेट, झेलायची बादलीही होती, माझ्याच लक्षात आली नव्हती. या पुलात नटबोल्ट नाहीत, सगळी रिपिटांची जोडणी. घरी येऊन नोंद बदलली: 'क्रमांक 43. रिपीट टोळीतला कामगार, जेवणाची सुट्टी.' आणि खाली 'फोटो : अण्णा' असं लिहून ते खोडलं, कारण तिथवर चढून फोटो काढणारेही अण्णा नसणार.